गॅस संपलेला नव्हता

सावेडीतून निघालं की भिंगारपर्यंत गाडीत मस्त गारवा. चांदबीबी महालाचा डोंगर दिसायला लागला (लोक चांदबीबीचा म्हणतात, आत कबर सलाबतखानाची आहे) की झोत कोमट व्हायचा. करंजी घाट चढताना तर तोंडावर नुसती झळ. मे महिना, पाथर्डीची सासुरवाडी आणि मागच्या सीटवर पदराने वारा घेणाऱ्या सासूबाई.

"गॅस गेलाय भाऊ, भरून टाकू," मेकॅनिकने बॉनेट न उघडताच सांगितलं. एसीची कुठलीही तक्रार न्या, पहिलं औषध हेच. पण गॅस कमी असता तर गारवा पहिल्यापासूनच मरगळलेला असता. घरी येऊन इंजिन चालू ठेवलं आणि कॉम्प्रेसरकडे परत येणाऱ्या जाड पाइपला पट्ट्यांपासून लांबून हात लावला. बर्फासारखा गार, वर पाण्याचे थेंब. गाडीखालीही पाणी ठिबकत होतं. थंडी तयार होत होती, ती वाटेत कुठेतरी बिघडत होती.

साध्या नॉबच्या गाड्यांत नॉब निळ्याकडे फिरवला म्हणून एसी जास्त थंड होत नाही. कूलिंग कॉइल आपल्या परीने थंडच असते. तिच्या शेजारी हीटरची छोटी जाळी, तिच्यातून इंजिनाचं ऐंशी-नव्वद अंशांचं कूलंट फिरतं. मधल्या प्लास्टिकच्या झडपेने किती हवा त्या गरम जाळीवरून जाऊ द्यायची, एवढंच नॉब ठरवतो. आंघोळीच्या पाण्याला विसण घालतो ना, तसलाच प्रकार. सकाळी कूलंटच गार असतं, म्हणून झडप उघडी राहिली तरी कळत नाही. भिंगार ओलांडेपर्यंत इंजिन तापतं आणि बिंग फुटतं.

डॅशबोर्डमध्ये एअरबॅग असल्याने आधी बॅटरीची निगेटिव्ह वायर काढून ठेवली. ग्लोव्ह बॉक्स दोन्ही बाजूंनी आत दाबून खाली उतरवला. मग डोकं पाय ठेवायच्या जागेत आणि पाय दाराबाहेर, असा आडवा झालो. मुलगी टॉर्च धरून होती, बहुतेक वेळ माझ्याच डोळ्यांवर.

"पप्पा, ती काळी वायर हलतेय."

ती वायर नव्हती, झडपेची केबल होती. काळ्या आवरणात पोलादी तार, तारेचं टोक झडपेच्या दांडीत अडकवलेलं. ते जागेवर होतं. पण आवरण धरून ठेवणाऱ्या क्लिपचा दात तुटला होता. नॉब फिरवला की तारेऐवजी आवरणच मागे सरकायचं आणि झडप अर्ध्यावर ढिम्म. पन्नास पैशांचंही प्लास्टिक नसेल ते, पण सुटं मिळत नाही. दुकानदार अख्खी केबल दाखवतो.

नॉब पूर्ण निळ्यावर ठेवला. दांडी बोटाने शेवटपर्यंत ढकलली, आत झडप टप्कन बसल्याचा आवाज आला. त्याच स्थितीत आवरण क्लिपच्या बुडख्याला दोन केबल टायने आवळलं आणि उरलेली शेपटं कापली.

हीटरचा पाइपच बंद करून टाका, असाही एक सल्ला मिळाला होता. उन्हाळ्यापुरता ठीक, पण नगरच्या थंडीत पहाटे काचेवर धरलेली वाफ काढायला हीटर कामी येतो. आता निळी बाजू चोख चालते. लाल बाजूला नॉब शेवटच्या खुणेआधीच अडतो, टाय किंचित पुढे बसलाय. ते दिवाळीनंतर बघू.