फाटकाजवळचा बाक

बडोद्याच्या आठवणी लिहिता लिहिता आज जरा लांब, अमेरिकेत जातो. पण विषय फिरून घरीच येणार आहे.

गेल्या उन्हाळ्यात आम्ही दोघं मुलाकडे कोलंबसला होतो. ओहायो राज्याची ही राजधानी. मुलाला अलीकडे गोल्फचा नाद लागलाय. त्याच्या ऑफिसातले एक वरिष्ठ गृहस्थ तिथल्या सायोटो कंट्री क्लबचे सभासद. त्यांनी एका रविवारी आम्हाला पाहुणे म्हणून बोलावलं. मुलगा म्हणाला, "बाबा, कॉलरचा शर्ट लागतो, तेवढा घाला." घातला. तेव्हा काही वाटलं नाही.

गोल्फ आपल्याला अगदीच परका नाही. आपल्या लक्ष्मी विलास पॅलेसच्या आवारात गोल्फचं मैदान आहेच. प्रतापसिंहराव महाराजांच्या काळात युरोपियन पाहुण्यांसाठी ते झालं. पण दांडिया बाजारातल्या आम्हा पोरांसाठी गोल्फ म्हणजे भिंतीपलीकडची गोष्ट. आत काय चालतं, ते वयाच्या सत्तरीनंतर परदेशात कळलं.

यजमान खेळत होते, मुलगा धडपडत होता आणि मी छोट्या गाडीत बसून बघत होतो. सायोटोचं मैदान डोनाल्ड रॉस यांनी आखलेलं, १९१६ सालचं. हे रॉस स्कॉटलंडमधल्या डॉर्नॉक गावच्या गवंड्याचे चिरंजीव. स्वतः सुतारकाम शिकलेले. १८९९ साली अमेरिकेत आले आणि पुढे चारशेच्या आसपास मैदानं त्यांच्या नावावर लागली. १९२६ साली बॉबी जोन्स यांनी सायोटोवरच यूएस ओपन जिंकली. नंतर अठरा मोठ्या स्पर्धा जिंकणारे जॅक निकलॉस वयाच्या दहाव्या वर्षी, १९५० साली, इथेच जॅक ग्राउट यांच्या हाताखाली खेळ शिकले. त्यांचे वडील गावातले औषध दुकानदार.

मला मात्र रस वाटला तो आखणीत. यजमानांनी समजावून सांगितलं. चेंडू ज्या हिरवळीवरच्या भोकात घालायचा, तिला ग्रीन म्हणतात. रॉस यांची सवय अशी, की ग्रीनच्या समोरची जागा बरेचदा मोकळी ठेवायची. ज्याच्या मनगटात जोर नाही, त्यानं चेंडू जमिनीवरून घरंगळत नेला तरी तो पोचतो. जोरकस खेळाडूनं फाजील आत्मविश्वासानं उंच मारला आणि चेंडू पलीकडे गेला, तर मागचा उतार त्याला गाठतो. मधल्या काळात दुरुस्त्यांमध्ये इथली मूळ आखणी बरीच बदलली होती. अलीकडे अँड्र्यू ग्रीन नावाच्या आखणीकारानं ती पुन्हा रॉस यांच्या वळणावर आणली. बँकवाल्याच्या भाषेत सांगायचं, तर मागच्या नोंदी तपासून खातं पुन्हा जुळवलं!

मी म्हटलं, मैदान उदार आहे हो. कच्च्या खेळाडूलाही वाट ठेवलीय. यजमान हसले. म्हणाले, मैदान उदार, फाटक नाही. सभासद व्हायचं तर आतल्यांनी नाव सुचवावं लागतं, आणि पैसे तर लागतातच. मग त्यांनी याच राज्यातल्या टोलेडोची गोष्ट सांगितली. तिथलं इन्व्हरनेस क्लबचं मैदानही रॉस यांचंच. त्या काळी पैशासाठी खेळणाऱ्या व्यावसायिक खेळाडूंना क्लबाच्या इमारतीत प्रवेश नसे. खेळ त्यांचा बघायचा, पण त्यांनी बूट बदलायचे बाहेर. १९२० च्या यूएस ओपनला इन्व्हरनेसनं त्यांच्यासाठी दार उघडलं. खेळाडूंनी आपसात वर्गणी काढून क्लबाला एक मोठं उभं घड्याळ भेट दिलं. ते अजून तिथे आहे म्हणतात.

घड्याळाची गोष्ट ऐकली आणि माझं लक्ष उडालं. मंडळी, हे मी आजवर घरात कुणाला सांगितलं नव्हतं.

१९८४ साल. गुजरातेतल्याच एका गावी मी शाखाधिकारी होतो. आमचे वडील, नाना, थोडे दिवस राहायला आले होते. आयुष्यभर प्राथमिक शिक्षक. धोतर, बंद गळ्याचा कोट, काळी टोपी. एका मोठ्या ठेवीदारानं तिथल्या क्लबात जेवण ठेवलं होतं, आमचे विभागीय साहेबही येणार होते. नानांनाही घेऊन या म्हणाले, म्हणून घेऊन गेलो. फाटकावर पहारेकरी म्हणाला, धोतर चालत नाही.

मी काय करायला हवं होतं ते तुम्हालाही ठाऊक आहे, मलाही. पण साहेब आत पोचले होते आणि माझ्या बदलीचा कागद त्यांच्या टेबलावर होता. नानाच म्हणाले, "तू जा रे, मी बसतो इथे. वारा छान आहे." फाटकाजवळ एक बाक होता. मी आत गेलो. पाऊण तास.

परतताना त्यांनी फक्त विचारलं, "जेवायला काय होतं?" मी म्हटलं, "काही खास नाही." श्रीखंड होतं. नानांना फार आवडायचं.

त्या रात्री कोलंबसला जेवताना मुलानं विचारलं, "बाबा, ते माझं नाव सुचवायला तयार आहेत. पैसे परत न मिळणारे आहेत. काय करू?" एरवी मी लगेच व्याजाचा हिशोब मांडला असता. त्याऐवजी नानांची गोष्ट सांगितली. ही स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून ऐकत होती. चाळीस वर्षांत तिलाही ठाऊक नव्हती.

मी त्याला म्हटलं, "घे किंवा नको घेऊस, पैसा तुझा आहे. मैदान छान आहे, मलाही आवडलं. पण तुझ्याबरोबर आलेल्या माणसाला कधी फाटकावर अडवलं, तर तू आत जाऊ नकोस. बाकावर बस त्याच्याशेजारी."

तो काही बोलला नाही. आम्ही निघालो तेव्हा अर्ज टेबलावर तसाच होता.

नाना १९९६ साली गेले. त्यांची माफी मागायची राहिली.