जात्यावरची प्लास्टिकची फुलं

दिवाणखान्याचा एक कोपरा 'गावाकडचा' करायची हौस हल्ली घरोघरी दिसते. भिंतीला गेरूचा रंग, त्यावर वारलीची छापील चित्रं, खिळ्याला कंदील (आत विजेचा दिवा!), फायबरची बैलजोडी आणि सुपात प्लास्टिकचा झेंडू. हमरस्त्यावरच्या ढाब्यांनी नि मंगल कार्यालयांनी तर सिमेंटची बैलगाडी उभी केलीय, खांबही सिमेंटचेच, लाकडासारखे रंगवलेले. हौसेला मोल नसतं हे खरंच. पण यातलं काय शोभतं आणि काय खुपतं, ते ओळखायचं कसं?

मला हा प्रश्न पडला तो वर्ध्यात, नात्यातल्या एका नव्या फ्लॅटच्या वास्तुशांतीला. सूनबाईंनी मोठ्या कौतुकानं कोपरा सजवला होता. मधोमध सासूबाईंचं गावाहून आणलेलं जातं, त्याला सोनेरी रंग, खुंट्याला गोंडा आणि तोंडात फुलं. आम्ही सगळ्या "किती छान!" म्हणत होतो. सासूबाई मात्र तिकडे पाठ करून बसलेल्या. मी शेजारी टेकले तेव्हा हळूच म्हणाल्या, "मले त्याच्याकडे पाहवत नाही व माय. पहाटे चारले उठून दळत होती मी. दिवस असतानाही दळलं. अन् आता त्याले सोनं लावलं!"

आणि त्यांची स्वतःची हौस कुठे होती, माहीत आहे? शिंपल्यांचा ताजमहाल, क्रोशाचे रुमाल, जत्रेतल्या बाहुल्या, सगळं त्यांच्या काचेच्या कपाटात. ते कपाट 'गावठी दिसतं' म्हणून मागच्या बाल्कनीत गेलं होतं. म्हणजे पाहा, गावाकडचं जातं हवं, पण गावाकडच्या बाईची आवड नको! जातं त्यांचं कष्टाचं आणि ताजमहाल त्यांच्या आवडीचा. मिरवायला मात्र कष्टच निवडले गेले.

तुम्ही म्हणाल, मग साधेपणा मिरवूच नये का? तर वर्ध्यापासून आठ किलोमीटरवरच्या सेवाग्रामला एकदा जाऊन या. गांधीजी १९३६ साली इथं राहायला आले, तेव्हा गावाचं नाव शेगाव होतं. सेवाग्राम हे नाव १९४० मधलं. आज जिला आपण बापूकुटी म्हणतो, ती आधी मीराबेनची कुटी. मातीच्या भिंती, वर कवेलू, खाली सारवलेली जमीन. आता मीराबेन म्हणजे इंग्रज अ‍ॅडमिरलची मुलगी. खेड्यात जन्मलेली नव्हे. तरी तिनं भिंतीवर मातीनंच ताडाची झाडं, चरखा आणि ॐ उठवले. सजावट आहेच की ती! पण ती नाटकी वाटत नाही. भिंत मातीची, नक्षीही त्याच मातीची, आणि जिनं नक्षी काढली ती त्याच भिंतीआड राहिली. मातीचं घर म्हणजे काय, ते आपल्यापैकी ज्यांनी सारवलंय त्यांना विचारा. शेण, माती, कुटार कालवायचं आणि पावसानं झडलेलं पुन्हा लिंपायचं. दरसालचं काम आहे ते.

तिथल्या वस्तूही पाहा. साप पकडायचा लाकडी चिमटा आहे, कारण साप निघायचे आणि त्यांना न मारता दूर सोडायचं असे. आश्रमात टेलिफोनसुद्धा होता, व्हाइसरॉयना बोलता यावं म्हणून बसवलेला. तो काही कुणी मडक्यात लपवला नाही! गरज होती, म्हणून उघड्यावर होता.

चार दिवसांची सजावटही खरी असू शकते. १९३६ च्याच डिसेंबरात खानदेशातल्या फैजपूरला काँग्रेसचं अधिवेशन भरलं, खेड्यात भरलेलं पहिलंच. तिथली सजावट नंदलाल बोस यांनी केली, बांबू आणि असल्याच जवळपास मिळणाऱ्या वस्तूंनी.

आणि भडक म्हणजे खोटं, असंही समजू नका. आपल्याकडे पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी तान्हा पोळा भरतो. सिंदी (रेल्वे)चा तर फारच प्रसिद्ध. लाकडी नंदीला चमकीचा कागद, फुगे, झुली. ओढणारी पोरंही नटवलेली. रंगसंगतीचे धडे देणारी एखादी नाक मुरडेल, पण त्या नंदीपुढे सुपारी-फुटाणे घेऊन आजी उभी असते. त्यात खोटं काय आहे? तसाच तो शिंपल्यांचा ताजमहाल. तो कुणीतरी यात्रेहून जपून आणलेला असतो.

म्हणून एखादी जुनी वस्तू मांडण्याआधी स्वतःला तीन गोष्टी विचारा. हिचा घरात काही उपयोग होईल का? हिची निगा मी राखीन का? आणि ही जिची होती, तिला काय वाटेल?

जात्याला रंग देऊ नका. रंगवलं की ते कायमचं मुकं झालं. टाकी लावून घ्या, पहिल्यांदा मूठभर तांदूळ दळून टाकून द्या, मग खुशाल डाळ भरडा. घरात लग्न निघालं की हळद दळायला तेच पुढे येईल. तांब्याचा गुंड चिंचेनं घासा आणि पाण्यालाच ठेवा. वारलीचं चित्र लावायचं असेल तर लावा, पण मुलांना सांगा की ते ठाणे-पालघरकडचं. तिथं लग्नात सवाशिणी तांदळाच्या पिठानं भिंतीवर चौक लिहितात.

दिवाळीची साफसफाई काढाल, तेव्हा माळ्यावरून काही खाली उतरेल. ते कोपऱ्यात मांडण्याआधी घरातल्या वडीलधाऱ्या बाईला विचारा, "हे बाहेर ठेवू का?" 'नको' म्हणाल्या तर पुन्हा कापडात गुंडाळून ठेवा. 'ठेव' म्हणाल्या, तर त्यांच्या काचेच्या कपाटालाही शेजारीच जागा करा.