विदूषकांचा संसार

समुद्रापासून तीनशे किलोमीटरांहून अधिक दूर धाराशिवात बसून खाऱ्या पाण्यातले मासे पाळावेत, या छंदाला आमच्याखेरीज कोणीही शहाणपणाचा म्हटले नाही. २०१६ साली शेजारच्या लातूरला मिरजेहून आगगाडीने पाणी आणावे लागले. त्या उन्हाळ्यात तर काचपेटीचे नाव काढण्याचीही आमची छाती नव्हती. पुढे पावसाने कृपा केली, आणि पुण्याहून दोन क्लाउनफिश, म्हणजे विदूषक मासे, घरी आले. शुद्ध केलेल्या पाण्यात लिटरमागे सुमारे ३५ ग्रॅम सागरी मीठ मिसळून आम्ही त्यांच्यासाठी समुद्र सिद्ध केला.

संस्कृत नाटकातला विदूषक फार तर मोदकासाठी हट्ट धरतो; हे दोघे राज्यासाठी भांडत होते. थोरला धाकट्याला कोपऱ्यात कोंडी, त्याच्या पराला चावा घेई. आणि धाकटा अंग आडवे टाकून थरथर कापे. दिवसातून दहादा हा देखावा पाहून आमच्यातला न्यायाधीश जागा झाला. "अहो, त्यांचं त्यांना ठरवू द्या," असे आमच्या सौ. म्हणाल्या. परंतु परीक्षेच्या दालनात तीस वर्षे पर्यवेक्षक म्हणून फिरलेल्या माणसाला मध्ये न पडणे कसे साधावे? आम्ही जाळीने धाकट्याला उचलले आणि दुसऱ्या पेटीत ठेवले. तेथे तो चांगला पुष्ट झाला, आणि आम्ही स्वतःवर प्रसन्न झालो.

जे आधी वाचायचे ते आम्ही मागाहून वाचले. आमच्या जिल्ह्यात नळदुर्गच्या किल्ल्यात नर आणि मादी असे दोन धबधबे आहेत. लोकांनी एकदा नावे दिली ती कायमची. या माशांचे तसे नाही. त्यांच्यात जन्मतः कोणीच मादी नसते. कळपात जो सर्वांत मोठा आणि जबरदस्त, तो मादी होतो, दुसऱ्या क्रमांकाचा नर, बाकीचे उमेदवार. मादी मेली की नराचीच मादी होते. वरचढ मादीच्या दंडेलीमुळेच खालच्याचे हे रूपांतर अडून राहते, असे हान्स व सिमोन फ्रिके यांनी १९७७ साली 'नेचर'मध्ये मांडले. पीटर बस्टन यांनी २००३ साली आणखी दाखविले की खालचा मासा आपली वाढसुद्धा आवरून धरतो, वरच्याच्या बरोबरीस येत नाही. म्हणजे आम्हांला जी करुण याचना वाटली, तो त्या धाकट्याचा होकार होता! लग्न लागत होते, आणि आम्ही अंतरपाट धरून बसलो.

चार महिन्यांनी दोघांना पुन्हा एकत्र सोडले. एकलेपणात धाकट्याच्या डोक्यावर कोणीच नव्हते. तो थोरल्याएवढा झाला होता. आता बहुधा दोघांनाही मादीच व्हायचे होते. या वेळी कोणीच थरथरले नाही. आम्ही महाविद्यालयातून परतलो तेव्हा पाणी शांत होते आणि आम्ही ज्याला वाचविले होते तो तळाशी पडला होता. पारिजातकाखाली त्याला पुरताना सौ. एक शब्दही बोलल्या नाहीत. त्या बोलल्या असत्या तर बरे झाले असते.

यंदा एक अगदी लहान मासा आणून थोरलीजवळ सोडला आहे. ती त्याच्या अंगावर धावून जाते. तो आडवा होऊन कापतो. आम्ही खुर्ची काचपेटीकडे पाठ करून ठेवतो. जाळी सौ.नी कोठे ठेवली आहे, ते आम्ही अद्याप विचारलेले नाही.