दोन नोंदींमधला वेळ

कामगारांच्या नावांपुढे ‘निष्क्रिय काळ’ असा रकाना आखून त्यात मिनिटांचे आकडे मांडलेला एक तक्ता आमच्या गोदामाच्या दफ्तरात आला, त्या गोष्टीला आता पुष्कळ दिवस लोटले; परंतु त्या रकान्यातील सर्वांत मोठा आकडा ज्या बाईंच्या नावापुढे पडला होता, त्यांना कामाच्या वेळी हात बांधून बसलेले मी माझ्या साऱ्या नोकरीत पाहिलेले नसल्यामुळे, तो कागद आठवला की आजही संताप अनावर होतो. ज्या यंत्राच्या नोंदींवरून तो तक्ता तयार झाला, ते यंत्र गोदामात आणावे असा आग्रह मीच धरला होता, आणि तो आग्रह योग्यच होता असे मी अजूनही मानतो. म्हणून तर या प्रकरणाचा सल अधिक खोल आहे.

भिवंडीच्या परिसरात, पूर्णा, काल्हेर, मानकोली या बाजूंना, गोदामांच्या कशा रांगा लागल्या आहेत हे सर्वांस ठाऊक आहे. तेथील औषधांच्या एका घाऊक वितरकाकडे मालाची आवक-जावक आणि रुजुवात माझ्याकडे असते. बारकोड वाचण्यासाठी पूर्वी आमच्याकडे पिस्तुलाच्या घाटाची यंत्रे होती. एका हातात ते यंत्र, दुसऱ्या हातात खोके, आणि खोके दोन्ही हातांनी उचलण्याजोगे जड असले की यंत्र काखेत दाबून धरायचे किंवा मांडणीवर ठेवून मग शोधत बसायचे, अशा रीतीने दिवसभर काम करणाऱ्या माणसाचे मनगट आणि खांदा सायंकाळपर्यंत भरून येत असे. तर्जनीत घालायचे, आगपेटीएवढे, अंगठ्याने कळ दाबताच बारकोड वाचणारे आणि वाचलेला आकडा ब्लूटूथने मनगटावरच्या पडद्याकडे पाठवणारे यंत्र मी प्रथम पाहिले, तेव्हाच माझ्या मनाने कौल दिला होता. कामगारांनी पहिल्याच दिवशी त्याला ‘अंगठी’ म्हणावयास आरंभ केला, आणि तेच नाव रूढ झाले.

या अंगठ्या सिद्ध करण्याचे काम पुरवठादाराच्या माणसाने एका दुपारी उरकले. मी शेजारी बसून प्रत्येक पायरी वहीत उतरवून घेतली. यंत्राबरोबर एक पुस्तिका येते, तिच्या पानापानांवर बारकोड छापलेले असतात, आणि यंत्राला जी आज्ञा द्यायची त्या आज्ञेचा बारकोड त्याच्याकडूनच वाचवून घ्यायचा असतो. आधी यंत्र मूळ स्थितीवर आणणारा बारकोड. मग मनगटावरच्या यंत्राशी जोडणी करणारा. मग प्रत्येक आकड्यापाठोपाठ ‘एंटर’ची आज्ञा जावी म्हणून तिसरा. एकाच पानावर चार-पाच बारकोड जवळजवळ छापलेले असल्यामुळे, हवा तो वाचताना बाकीचे कोऱ्या कागदाने झाकावे लागतात. नाहीतर शेजारचीच आज्ञा लागू होते, आणि यंत्र मात्र त्याच समाधानाने ध्वनी देते. मोठ्या खोक्यांवर जो चौदा आकड्यांचा बारकोड असतो, त्याच्या भोवती जाड काळी चौकट का असते, याचा उलगडाही मला त्याच दुपारी झाला: त्या जातीचा बारकोड तिरका, अर्धवट वाचला गेला तर त्यातून तोकडा पण वरकरणी खरा वाटणारा आकडा निघू शकतो, आणि किरण वरच्या किंवा खालच्या कडेने बाहेर पडू लागला की ती चौकट त्याला अडवते. म्हणून यंत्रातही त्या जातीपुरते चौदाच आकडे स्वीकारण्याचे बंधन घालावे लागते.

ज्या बाईंविषयी मी लिहीत आहे त्यांना सारे गोदाम मावशी म्हणते. मावशी डावखुऱ्या आहेत. सगळ्या अंगठ्यांची कळ उजव्या हाताच्या सोयीने लावलेली होती, आणि डाव्या तर्जनीत ती घातल्यावर अंगठा कळेपर्यंत पोहोचेना. कळेचा तो भाग फिरवून दुसऱ्या बाजूस बसवता येतो हे पुस्तिकेत एका लहानशा आकृतीत दाखवले होते, तेवढे करून दिल्यावर मावशींनी समोरचे खोके दोन्ही हातांनी उचलले, उचलता उचलताच वाचले, आणि म्हणाल्या, “साहेब, आता ही कोणाला देऊ नका. ही माझी.” एकाच्या घामाचा पट्टा दुसऱ्याच्या बोटात जाऊ नये म्हणून प्रत्येकाला स्वतंत्र पट्टा द्यावा, हा नियम आम्ही त्याच दिवशी केला.

बारकोडाचा जनक म्हणून ज्याचे नाव घेतले जाते त्या नॉर्मन जोसेफ वुडलंड याने मायामीच्या समुद्रकिनाऱ्यावर मोर्सच्या बिंदूंचा व रेघांचा विचार करीत वाळूत बोटे ओढली आणि त्यातून त्याला ही कल्पना सुचली, असे सांगतात. त्याला व बर्नार्ड सिल्व्हर याला १९५२ साली तिचे पेटंट मिळाले, आणि २६ जून १९७४ रोजी अमेरिकेतील ओहायो राज्यातल्या ट्रॉय या गावी एका दुकानात च्युइंग गमचे पाकीट प्रथम वाचले गेले. या विद्येविषयी मला मनापासून आदर आहे. साध्या तेरा आकड्यांच्या बारकोडातील शेवटचा आकडा हा आधीच्या बारा आकड्यांच्या गणितातून सिद्ध होणारा पडताळा असतो, त्यामुळे यंत्राने एखादा आकडा चुकीचा वाचलाच तर गणित जुळत नाही आणि ते वाचन बाद होते. इतकी दक्षता मनुष्याच्या डोळ्याकडून दिवसभर अपेक्षिणे व्यर्थ आहे. परंतु हा बारकोड सांगतो काय? ८९० या आकड्यांनी आरंभ होणारा बारकोड भारतातील नोंदणीचा असतो, एवढे सांगतो. वस्तू कोणती, तिचा निर्माता कोण, एवढे सांगतो. ती कोणत्या बॅचची आहे आणि तिची मुदत केव्हा संपते, हे तो सांगत नाही. आणि औषधाच्या धंद्यात जबाबदारीचा सारा भार याच दोन गोष्टींवर असतो.

मावशींचे काम नेमके येथे आहे. त्या एक्सपायरी-ब्रेकेजच्या विभागात असतात. मुदत संपलेला किंवा फुटका माल किरकोळ औषधविक्रेत्यांकडून परत येतो. त्यातील प्रत्येक वस्तूची बॅच व मुदत पाहून, ती आपणच विकलेली होती की नाही हे विक्रीच्या नोंदीशी ताडून, मग विक्रेत्याला क्रेडिट नोट द्यायची आणि कंपनीकडे क्लेम पाठवायचा, असा या विभागाचा शिरस्ता आहे. परत आलेल्या पिशवीत अखंड खोकी क्वचितच असतात. असतात त्या सुट्या स्ट्रिपा, त्यांतील कित्येक कापलेल्या. बॅच स्ट्रिपेच्या एका टोकाला छापलेली असते आणि दुकानदाराने नेमके तेच टोक कापून दिलेले असते. किंवा ती शाईने न छापता पत्र्यावर नुसती ठशाने उठवलेली असते, आणि चकाकणारी स्ट्रिप ट्यूबलाइटखाली एका विशिष्ट कोनात तिरपी धरल्याखेरीज ३ आणि ८ यांत भेद करता येत नाही. मावशी ती तशी धरतात, बोटाचे टोक ठशावरून फिरवतात, संशय आला तर पिशवीतील दुसरी स्ट्रिप काढून ताडून पाहतात, आणि मगच निर्णय देतात. वरच्या तीनशे नाममुद्रांच्या औषधांवर १ ऑगस्ट २०२३ पासून क्यूआर कोड अथवा बारकोड सक्तीचा झाला आणि त्यात बॅच व मुदत दोन्ही असतात, ही फार स्तुत्य गोष्ट घडली. परंतु परतीच्या पिशवीत जे येते त्यातील पुष्कळसे या सक्तीच्या बाहेरचेच असते.

याहूनही एक विलक्षण प्रकार होता. काही कंपन्यांच्या मोठ्या खोक्यांवरील लांब बारकोडात वस्तूचा क्रमांक, मुदत, बॅच आणि खोक्याचा स्वतःचा अनुक्रमांक असे सारे एकामागून एक ओवलेले असते. मुदतीचे सहा आकडे ठरलेले, त्यामुळे ती कोठे संपते हे कळते. परंतु बॅचची लांबी ठरलेली नसते, ती वीस अक्षरांपर्यंत कितीही असू शकते, म्हणून ती संपली हे सांगण्यासाठी बारकोडात एक अदृश्य विभाजक चिन्ह घातलेले असते. आता पुरवठादाराच्या माणसाने अंगठ्या ज्या पद्धतीने जोडल्या होत्या, त्या पद्धतीत अंगठी स्वतःला एक कळफलक समजून अक्षरे पाठवते. आणि त्या विभाजक चिन्हासाठी कळफलकावर कळच नसल्यामुळे ते वाटेतच गळून पडत असे. परिणाम असा की बॅच आणि अनुक्रमांक एकमेकांना चिकटून एक भलतीच लांबलचक बॅच पडद्यावर उमटे, विक्रीच्या नोंदीत ती सापडत नसे, आणि यंत्र ‘जुळत नाही’ म्हणून माल नाकारी. मावशींनी यावर कोणाचीही वाट न पाहता उपाय काढला. त्या खोक्यावर छापलेली बॅच डोळ्यांनी वाचून मनगटावरच्या इवल्याशा पडद्यावर एकेक अक्षर टाइप करीत. अशा रीतीने त्यांनी किती खोकी मार्गी लावली असतील कोण जाणे; कारण त्या खोक्यांची गणती कोणीही केली नाही.

गणती कोणीही केली नाही, हेच या साऱ्याचे मर्म आहे. तक्ता तयार करणाऱ्यांनी एका नोंदीपासून दुसऱ्या नोंदीपर्यंतचा वेळ मोजला, तो एका मर्यादेपलीकडे गेला की त्याला निष्क्रिय काळ ठरवले, आणि नोंद म्हणजे केवळ अंगठीने वाचलेला बारकोड. टाइप केलेला आकडा ही नोंद नव्हे, ठशावर फिरवलेले बोट ही नोंद नव्हे, चुकीच्या बॅचची स्ट्रिप बाजूला काढून ठेवणे ही तर अजिबात नोंद नव्हे. रॅकवरून एकाच औषधाची खोकी भराभर उतरवणाऱ्या तरुणाला आणि कापलेल्या स्ट्रिपांच्या पिशवीसमोर बसलेल्या मावशींना एकाच मापाने मोजून, दर तासाच्या नोंदींवरून इन्सेंटिव्ह ठरवला गेला, आणि पुढल्या पगारात मावशींचा इन्सेंटिव्ह कापला गेला.

मी तो कागद घेऊन वरच्या अधिकाऱ्यांकडे गेलो. त्यांनी मला अतिशय सौजन्याने बसवून घेतले आणि सांगितले की, आकडे यंत्राने दिलेले आहेत, त्यांत कोणाचा पक्षपात नाही. मी म्हणालो की, यंत्राने फक्त दोन वाचनांच्या वेळा दिल्या; त्यांमधल्या वेळेला ‘निष्क्रिय’ हे नाव मनुष्याने दिले. त्यांनी ते ऐकून घेतले. मी विभाजक चिन्हाचा प्रकार त्यांना समोर करून दाखवला, एक खोके मागवून त्याची चिकटलेली बॅच पडद्यावर उमटवून दाखवली. त्यांनी लगेच पुरवठादाराला कळवले, आणि ते चिन्ह गळू न देता त्याच्या जागी एक दिसणारे चिन्ह पाठवावे अशी आज्ञा सर्व अंगठ्यांना देण्यात आली. दोष तत्परतेने दूर झाला. पण त्या दोषामुळे ज्यांच्या माथी आळसाचा ठपका बसला त्यांचे काय, असे विचारताच मागील महिन्याचे हिशेब बंद झाल्याचे उत्तर मिळाले. हिशेब बंद झाल्यावर त्यातली चूक दुरुस्त करण्यासाठी जमा-नावेची नोंद घालतात, हे खतावणी लिहिणारा नवखा कारकूनही जाणतो. मी तसे लेखी दिले, त्याची पोच घेतली, आणि ती पोच माझ्यापाशी आहे.

मावशींना मी ही हकीकत सांगितली तेव्हा त्या रागावतील, अंगठी काढून ठेवतील, अशी माझी कल्पना होती. त्यांनी शांतपणे विचारले, “म्हणजे मी टाइप केलेलं यात धरलंच नाही?” मी नाही म्हणालो. “मग तेवढं धरायला सांगा. बाकी ती जुनी पिस्तुलं परत आणू नका; माझा खांदा आता कुठे दुखायचा थांबलाय.” या उत्तराने माझी मोठी पंचाईत केली, कारण तोपर्यंत ही यंत्रेच नकोत, अशा विचारापर्यंत मी आलो होतो. यंत्र नसते तर आळसाचा आरोप करावयास आधार मिळाला नसता, हे खरे. पण यंत्र नसते तर त्यांचा खांदाही शाबूत राहिला नसता. या दोन्ही गोष्टी मला एकाच वेळी खऱ्या वाटतात, आणि त्यांचा मेळ मला घालता आलेला नाही.

जे कोणी आपल्या गोदामात अशी यंत्रे आणणार असतील त्यांना माझे इतकेच सांगणे आहे. जोडणी करताना लांब बारकोड पडद्यावर कसा उमटतो ते स्वतः वाचून पाहा. नुसत्या ध्वनीवर विश्वसू नका. डावखुऱ्यांची कळ पहिल्याच दिवशी फिरवून द्या. हाताने टाइप केलेली प्रत्येक नोंद गणतीत येते की नाही याचा दाखला पुरवठादाराकडून लेखी घ्या, आणि परतीच्या विभागाला रॅकच्या मापाने मोजू नका. कामगारांनाही माझी विनंती आहे: ज्या नोंदींवरून तुमचा पगार ठरतो त्यांची नक्कल दर महिन्याला मागून घ्या, आणि ती मागितल्याची पोच जपून ठेवा, मागितल्याशिवाय ती कोणी देत नाही.