दरवळाचा पत्ता

फाल्गुन सरत आला की नवापूरच्या रानात मोहाचं झाड शोधावं लागत नाही. नाकच तिथवर नेतं. रंगावलीच्या खोऱ्यात पहाटेच्या गारव्यात गोडसर, किंचित आंबूस असा जड दरवळ रेंगाळत असतो. झाडाखालचा पालापाचोळा झाडून जमीन स्वच्छ केलेली असते आणि तिच्यावर पिवळट, रसाळ फुलं टपटपत असतात. दुरड्या घेऊन बायका उजाडायच्या आत वेचायला बसतात. रात्रीचं गिऱ्हाईक, म्हणजे वटवाघळं, येऊन गेलेली असतात. फांदीवर उरलेल्या फुलांभोवती आता आग्या माश्यांची लगबग.

एवढ्या रानात माशीला नेमकं झाड सापडतं, त्यात वासाचा मोठा वाटा. दरवळ म्हणजे फुलातून उडणारे सूक्ष्म रेणू. ऊन थोडं वाढलं तर ते जास्तच उडतात. पण उष्मा मुक्कामाला आला की त्यांची घडणच मंदावते. इस्रायलच्या शास्त्रज्ञांनी पेटुनियाची रोपं दिवसा 22 ऐवजी 28 अंशांत वाढवली, तर फुलांचा गंध घटला. फूल उमललं, पण त्याचा सांगावा क्षीण झाला. जो वास सुटतो, त्यालाही वाटेत वैरी आहे. धूर आणि कडक ऊन मिळून जमिनीलगत ओझोन वाढतो, आणि तो गंधाचे रेणू मोडतो. माशीपर्यंत पोचतो तो अर्धवट खोडलेला पत्ता.

पोळ्यातही चैन नाही. अळ्यांना साधारण 34-35 अंशांची ऊब लागते. पारा चाळिशीपार गेला की सातेरी माश्या पाणी आणून पोळ्यात शिंपडतात, पंखांनी वारा घालतात. पाण्याच्या खेपांना जुंपलेली माशी मधाला कधी जाणार?

तालुक्याला तापमापक आहे, पर्जन्यमापक आहे. वासमापक मात्र कुठल्याच कचेरीत नाही. म्हणून फुलोऱ्याचं हे दुखणं नोंदवहीत उमटत नाही. पण ज्या बायकांचं वर्षाचं मीठमिरचीचं गणित मोहफुलांवर चालतं, त्यांना यंदा फूल कधी गळलं, दरवळ कुठवर आला, माश्या किती होत्या, हे तोंडपाठ असतं. हवामानाची नोंद घ्यायला निघालेल्यानं आधी त्यांच्याजवळ बसावं, वही उघडावी आणि दरसाल तेच प्रश्न विचारावेत.