पलीकडच्या खोलीतील हसू

गेल्या श्रावणातील गोष्ट. रात्रीची पंगत बसली होती आणि नववीत शिकणारा आमचा नातू आपण शाळेच्या कबड्डी संघाचा नायक झाल्याची वार्ता सांगत होता. घरातील सर्वांच्या मुद्रा प्रफुल्लित होत्या. बोलता बोलता तो म्हणाला, "आता आम्हांला बॅगा उचलाव्या लागत नाहीत. आठवीतले नवे पोट्टे उचलतात. आणि अकोल्याला मुक्काम पडला की त्यांची सलामी घ्यायची आहे." सलामी म्हणजे काय, असे त्याच्या काकूने विचारले. तो हसून म्हणाला, "काही नाही गं काकू, जरा गंमत. मागल्या साली आमचीही घेतली होती." त्यावर आमच्या चिरंजीवांनी कढीचा भुरका घेत, "आम्हीही वाहिल्या आहेत मोठ्यांच्या बॅगा, त्यानेच माणूस घडतो," असे उद्गार काढले आणि सारी पंगत हसली. आमच्या हातातील घास मात्र हातातच राहिला.

अकोला, मुक्काम आणि ते हसू, या तिन्ही गोष्टी एकत्र आल्या की आम्हांस १९९४ सालची एक रात्र आठवते. त्या वेळी आम्ही एका हायस्कुलात संस्कृत शिकवीत होतो. व्यायामशिक्षक रजेवर गेला की ज्यास कोणत्याही कामास जुंपता येते असा प्राणी म्हणजे संस्कृतचा मास्तर. त्या न्यायाने कबड्डीचा संघ घेऊन विभागीय सामन्यांकरिता अकोल्यास जाण्याची पाळी आमच्यावर आली. उतरण्याची सोय एका शाळेच्या दोन वर्गखोल्यांत होती. एकीत बारा मुले, दुसरीत आम्ही एकटे. संघात आठवीतला एक नवा मुलगा होता. खेड्यातून आलेला, अंगाने किरकोळ, परंतु चढाईत मासोळीसारखा सुळकन निसटणारा. त्याच्यामुळे दहावीतल्या एका मुलास राखीव बसावे लागले होते.

रात्रीचे अकरा वाजले असतील. आम्ही सहामाहीच्या उत्तरपत्रिका तपाशीत होतो. पलीकडच्या खोलीत हशा उसळला. मग कोणी आकडे मोजू लागला आणि पुन्हा हशा. त्या हशातून एखादा बारीक आवाज आमच्या कानी आला नाही, असे आम्ही आज शपथेवर म्हणू शकत नाही. परंतु पोरे आहेत, खेळत असतील, सकाळी सामना आहे, असा विचार करून आम्ही दिवा मालवला व झोपी गेलो.

सकाळी त्या मुलाचे डोळे लाल होऊन सुजले होते. "काय रे झाले?" असे विचारता "काही नाही जी सर, डास चावले," असे तो म्हणाला, आणि आम्ही ते मान्य केले. सामना आम्ही जिंकलो. जिंकलेल्या संघास कोणी काही विचारीत नाही. दिवाळीनंतर तो मुलगा मैदानावर येईनासा झाला. त्याचेही कारण आम्ही विचारले नाही.

पुढे वीसएक वर्षांनी एक गृहस्थ घरच्या लग्नाची पत्रिका घेऊन आमच्याकडे आला. तोच तो. चहा घेताना गोष्ट कबड्डीवर गेली, आणि त्या रात्री काय घडले ते त्याने शांतपणे सांगितले. डोळ्यांखाली बाम चोळला. सर्वांचे बूट नाड्यांनी बांधून गळ्यात अडकविले. उठाबशा काढावयास लावल्या, आणि दर उठाबशीला स्वतःच्या बापाचे नाव घेऊन एक शिवी. "त्याचं आता काही नाही वाटत, सर," तो म्हणाला. "पण दाराच्या फटीतून तुमच्या खोलीतला उजेड दिसत होता. मी तिकडेच पाहत होतो. वाटलं, सर उठतील. मग तो उजेड गेला." त्याने कप खाली ठेवला, आमच्या पायांना हात लावला व तो निघून गेला. त्याने रागाने दोन शब्द सुनावले असते तर आम्हांस सोसणे सोपे गेले असते.

कोणी म्हणेल, खेळाडू म्हटला की त्यास काठिण्य हवेच. हवे, हे आम्हांसही मान्य आहे. आमच्या वऱ्हाडास तर व्यायामाची थोर परंपरा आहे. १९१४ साली वैद्य बंधूंनी अमरावतीस जो आखाडा काढला, त्याचेच पुढे श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ झाले, आणि १९३६ साली बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी त्या मंडळाच्या पथकाने तेथे आपल्या देशी खेळांची प्रात्यक्षिके करून दाखविली. ज्यांनी जुने आखाडे पाहिले आहेत त्यांस ठाऊक आहे की, नव्या पोरास तेथे माती खणावी लागे. परंतु त्याच्या शेजारी जुना गडीही फावडे घेऊन उभा असे. नवखा मल्लखांबावर चढला की जाणता खाली हात पसरून उभा राही. कष्ट आणि मानखंडना यांतील भेद येथे आहे. जे मोठ्यालाही करावे लागते ते शिक्षण. जे केवळ लहान्याला, आणि तेही इतरांच्या हसण्याकरिता करावे लागते, तो छळ. वैयाकरणांनी 'ज्येष्ठ' हे रूप 'वृद्ध' आणि 'प्रशस्य' अशा दोन शब्दांचे सांगितले आहे. आमच्या शाळांतून पहिलाच तेवढा शिल्लक उरला आहे.

रॅगिंग ही महाविद्यालयांची व्याधी, शाळेत ती कोठली, अशी पुष्कळांची समजूत असते. महाराष्ट्रात रॅगिंगला मनाई करणारा कायदा १९९९ साली झाला. त्यातील शिक्षणसंस्थेच्या व्याख्येत वसतिगृहापासून शिकवणीवर्गापर्यंत सर्व काही येते. चिडविणे, धमकावणे, आणि विद्यार्थी एरवी आपल्या खुषीने करणार नाही असे कृत्य त्याजकडून करविणे, हे सारे त्यात अपराध ठरले आहे. शिक्षा दोन वर्षेपर्यंत कारावास आणि दहा हजार रुपयेपर्यंत दंड. तक्रार आल्यावर मुख्याध्यापकाने सात दिवसांत चौकशी केली पाहिजे. न केल्यास तोही त्या गुन्ह्याचा साहाय्यक समजला जातो. हे शेवटचे कलम वाचताना आम्ही थोडा वेळ थांबलो होतो. १९९४ साली हा कायदा नव्हता, एवढेच आमचे नशीब. पुढे २०२४ च्या ऑगस्टमध्ये शाळांतून तक्रारपेट्या ठेवण्याविषयी शासनाचा हुकूम निघाला. पेटी चांगलीच, परंतु ती शाळेच्या भिंतीवर असते, आणि सलामी परगावच्या मुक्कामी घडते. अमेरिकेत न्यूयॉर्क राज्यातील एका हायस्कुलाच्या फुटबॉल संघात २००३ साली असाच, किंबहुना फारच भयंकर, प्रकार झाला आणि शाळेने संघाचे त्या वर्षीचे सर्व सामने रद्द केले. तोही घरापासून दूर, शिबिराच्या मुक्कामी घडला होता, आणि शिबिरात प्रशिक्षकही हजर होते.

त्या रात्री जेवणे आटोपल्यावर आम्ही नातवास गच्चीवर नेले. रागावलो नाही. "मागल्या साली तुझी सलामी झाली, त्या रात्री तू काय केलेस?" एवढेच विचारले. तो बराच वेळ कठड्यावर बोटाने रेघा ओढीत राहिला. मग म्हणाला, "मी रडलो नाही, आबा."

"झोपलास?"

"नाही."

मागल्या साली तो सामन्याहून परतला तेव्हा दोन दिवस जेवला नव्हता, हे आम्हांस तेव्हा आठवले. ऊन लागले असेल, म्हणून सौभाग्यवतीने त्यास कांद्याचा रस चोळला होता. अकरा माणसांचे आमचे घर. त्यातील एकासही दुसरे काही सुचले नाही.

दुसऱ्या दिवशी आम्ही त्याच्या शाळेत गेलो. मुलांच्या खोलीतच एका शिक्षकाचे अंथरूण असावे, दिवा रात्रभर जळावा, आणि सामान प्रत्येकाने आपापले उचलावे, एवढीच आमची विनंती होती. व्यायामशिक्षक भला माणूस आहे. तो म्हणाला, "तेरा मुलं आणि मी एकटा, सर. सामन्यांचे कागद, जेवण, डॉक्टर, सगळं मलाच पाहावं लागतं." त्यात खोटे काही नव्हते. तेव्हा आम्हीच येतो, असे आम्ही सांगून टाकले. घरी यावर बराच वाद झाला. सहासष्टाव्या वर्षी जमिनीवर निजणे काही शहाणपणाचे नव्हे, असे चिरंजीवांचे मत पडले. आम्ही त्यांस कढीची आठवण करून दिली नाही. परंतु निघण्याच्या आदल्या रात्री आमची सतरंजी त्यांनीच बांधून ठेवली.

अकोल्यास आम्ही दाराजवळ निजलो. पोरांचा फारच विरस झाला. एकाने तर "आबाजी, दिवा डोळ्यांवर येते जी," अशी तक्रार दोनदा केली. नातवाने दोन दिवस आमच्याशी भाषण केले नाही. सामना ते हरले, आणि त्याचे खापर काही अंशी आमच्यावर फुटले.

परतताना बडनेऱ्यास गाडीतून उतरून मुले फलाटावरून चालली होती. आम्ही मागे होतो. सामानाच्या मोठ्या पिशवीचा एक बंद आठवीतल्या सर्वांत लहान मुलाच्या हातात होता, दुसरा आमच्या नातवाच्या. आम्ही पाहत आहो म्हणून त्याने तो धरला, की एरवीही धरला असता, हे आम्हांस सांगता येत नाही. त्याने एकदाही मागे वळून पाहिले नाही.