मऊ म्हणजे किती मऊ

आईने एक घास घेतला, रिब उलटीपालटी करून पाहिली आणि ताटात परत ठेवली. "अरे, आतून गुलाबी आहे. कच्चं राहिलंय."

सकाळी सातला कोळसा पेटवला होता, पाच तास खुर्ची टाकून राखण केली होती, आणि निकाल हा. मी तिला समजावलं. लाकूड-कोळसा जळताना निघणारे वायू मांसातल्या लाल रंगद्रव्याला धरून बसतात, मग मांस कितीही शिजलं तरी कडेचा तेवढा पट्टा गुलाबीच राहतो. कॅन्सस सिटीत त्याला 'स्मोक रिंग' म्हणतात आणि तो दिसला की लोक खूश होतात. आईने सगळं ऐकून घेतलं. "असेल. पण चावायलाही घट्टच आहे की."

हे दुसरं वाक्य जास्त लागलं, कारण त्या दिवशीच्या रिब्स मी वर्षानुवर्षांच्या चुकांनंतर जमवलेल्या होत्या.

आम्ही वसईचे. डुकराचं मांस घराला नवं नाही, नाताळात आणि लग्नात इंदियाल असतंच. पण तिथे मांस टोपात, मसाल्यात आणि व्हिनेगरमध्ये मंद आचेवर शिजतं. पळीने दाबून पाहायचं, हाडापासून सुटलं की उतरवायचं. नोकरीने कॅन्सस सिटीला आणून टाकलं तेव्हा पाण्याचा थेंब न घालता, नुसत्या धुरावर आणि उबेवर बरगड्यांची अख्खी रांग शिजवायची, हे मला आधी वेडेपणाचं वाटलं.

पहिल्या खेपेला मी मोठ्या आचेवर चाळीस मिनिटांत काम उरकलं. वरून कोळसा, आतून रबर. त्यातून हाडांच्या आतल्या बाजूचा पडदा काढायचा असतो हे माहीतच नव्हतं. हा पडदा पातळ, चकचकीत आणि हट्टी. मसाला आत जाऊ देत नाही, धूर जाऊ देत नाही आणि दाताखाली प्लास्टिकच्या पिशवीसारखा येतो. एका टोकाच्या हाडावर चमच्याची दांडी सरकवून त्याला उचलायचं आणि कागदी रुमालाने घट्ट धरून ओढायचं. नशीब असेल तर एका दमात निघतो. नुसत्या बोटांनी धरायला जाऊ नका, निसटतो.

बरगड्या कोणत्या घ्यायच्या यावरही इथे मतं आहेत. 'बेबी बॅक' या नावातलं बेबी फसवं आहे. त्या पिल्लाच्या नसतात, मोठ्याच जनावराच्या कण्यालगतच्या आखूड बरगड्या असतात. मांस जरा जास्त, चरबी कमी, लवकर होतात. त्याखाली पोटाकडे जाणाऱ्या त्या स्पेअर रिब्स. त्यांच्या टोकाचा कूर्चेचा भाग छाटून रांग चौकोनी केली की तो 'सेंट लुईस कट'. मी हाच घेतो. चरबी जास्त असल्यामुळे माझ्यासारख्याची एखादी चूक पोटात घालतो.

वरून लावायला मीठ, मिरी, पाप्रिका, लसणाची पूड आणि ब्राउन शुगर. ती आणायला दुकानात चाललो म्हटल्यावर आई दचकली होती. आपल्याकडच्या पेपरात हा शब्द पोलिसांच्या बातमीतच येतो! इथे ती मळीचा अंश असलेली ओलसर साखर. यात मी एक चमचा बाटली मसाला घालतो, आईनेच बियरच्या बाटलीत ठासून पाठवलेला. शेजारच्या म्हाताऱ्याला आजतागायत कळलेलं नाही की माझ्या रिब्सना तो कसला वास येतो.

हा शेजारी माझा गुरू. त्याने पहिली गोष्ट शिकवली ती म्हणजे कोळसे एका बाजूला आणि मांस दुसऱ्या बाजूला. मधे पाण्याचं भांडं, वर झाकण. माझ्याकडे ती गोल, किटलीच्या आकाराची शेगडी आहे. शिकागोजवळच्या जॉर्ज स्टीफनने १९५२ साली पाण्यात तरंगणाऱ्या लोखंडी बोयाचा गोळा कापून पहिली बनवली. आतलं तापमान २२५ ते २५० फॅरनहाइट, म्हणजे साधारण १०७ ते १२० सेल्सिअस. निखाऱ्यांवर हिकरीच्या लाकडाचे दोन ठोकळे, तिसरा नको. लाकूड भिजत घालतात काही जण; त्याने धूर उशिरा येतो, एवढंच. धूर पांढरा आणि दाट असेल तर मांस कडू होतं. जेमतेम दिसेल असा निळसर पाहिजे.

आता मऊपणाबद्दल. अमेरिकेच्या कृषी खात्याने २०११ साली सांगितलं की डुकराचं अखंड मांस आतून ६३ सेल्सिअसला पोचलं आणि तीन मिनिटं थांबलं की खायला सुरक्षित. म्हणजे शिजलं. पण ६३ अंशांवरची रिब चावून पाहा, जबडा दुखेल. बरगड्यांचे स्नायू जनावराच्या प्रत्येक श्वासाबरोबर हललेले असतात, त्यांना बांधणारं कोलॅजेन चिवट असतं. ते सत्तरीच्या पुढे हळूहळू विरघळून जिलेटिन होतं, आणि त्याला उष्णतेइतकाच वेळही लागतो. रिब मऊ होते ती नव्वदच्या वर, पंच्याण्णवच्या आसपास. तोवर मांसातला रस बराचसा निघून गेलेला असतो. तोंडात जो ओलावा लागतो तो जिलेटिनचा आणि चरबीचा. आईच्या टोपात हेच घडत होतं, फक्त रस्सा असल्यामुळे कोणाला पत्ता लागत नव्हता.

मधेच एक वेळ अशी येते की मांसाचा पारा हलेनासा होतो. खांद्याच्या मोठ्या तुकड्यात तर तासन्‌तास. नवखा माणूस घाबरून कोळसे वाढवतो, मीही वाढवले होते. पण त्यात आगीचा दोष नसतो. मांसाच्या पृष्ठभागावरून पाणी उडत असतं आणि त्यामुळे ते थंड होत राहतं. आपला माठ दुसरं काय करतो? म्हणून मधेच रांग फॉइलमध्ये गुंडाळतात. इथलं पाठ गणित ३-२-१: तीन तास धुरात, दोन तास फॉइलमध्ये, एक तास उघडं, सॉस लावून. मला ते पटत नाही. दोन तास गुंडाळून ठेवलं की माझ्या शेगडीवर मांसाचा शिरा होतो. मी एक तास गुंडाळतो आणि पुढे घड्याळाकडे बघत नाही. रांग चिमट्याने एका बाजूने उचलायची. ती धनुष्यासारखी वाकली आणि वरच्या कवचाला भेग पडायला लागली की झालं.

सॉसबद्दल फार बोलत नाही. बाटलीतला गोड सॉस वाईट रिब्स झाकायला उत्तम आहे. या शहरात धुरावरच्या मांसाचा धंदा सुरू केल्याचं श्रेय हेन्री पेरी या कृष्णवर्णीय माणसाला देतात. टेनेसीतून आलेला. १९०८ च्या सुमाराला कपड्यांच्या कारखान्यांच्या भागात तो मांस वर्तमानपत्रात गुंडाळून विकायचा, आपल्या भेळवाल्यासारखा. शहरात तेव्हा कत्तलखाने मोठे, त्यामुळे उरलंसुरलं, चिवट मांस स्वस्त. त्याचा सॉस गोड नव्हता, जाळ होता म्हणतात. १९४० मध्ये तो गेल्यावर दुकान चार्ली ब्रायंटकडे आणि पुढे त्याचा भाऊ आर्थरकडे गेलं. आर्थरने तिखट थोडं उतरवलं आणि जगभर नाव कमावलं. पेरीचं नाव मात्र शहराबाहेर फारसं कोणी घेत नाही.

तर घट्टपणा. इथल्या स्पर्धांत परीक्षक रिबला चावा घेतात तेव्हा दातांची खूण मांसावर स्वच्छ उमटली पाहिजे, चावलं तेवढंच मांस सुटलं पाहिजे आणि बाकीचं हाडाला धरून राहिलं पाहिजे. सगळंच गळून पडलं तर ते जास्त शिजलं, गुण कापले. मला हे शिकायला सहा उन्हाळे लागले होते. आईने ते एका घासात मोडीत काढलं.

दुसऱ्या रविवारी मी तीन रांगा लावल्या. दोन नेहमीच्या, मुलीला त्यांची करपट टोकं आवडतात. तिसरी तिच्या आजीसाठी. तिच्यात सफरचंदाचं व्हिनेगर शिंपडून फॉइलमध्ये आणखी तासभर ठेवली. उचलायला गेलो तर हाडं हातात आली आणि मांस ताटात राहिलं. शेजारी कुंपणापाशी उभा होता. म्हणाला, ही रांग स्पर्धेत नेलीस तर हसतील. मी त्याचं बोलणं आईला मराठीत सांगितलं.

"त्याला सांग," आई म्हणाली, "दात त्याला आहेत. मला नाहीत."

मी सांगितलं. तो हसला आणि आत येऊन आजीच्याच रांगेतलं मांस दोनदा वाढून घेतलं. तेव्हापासून आमच्याकडे मऊ म्हणजे किती मऊ हे खाणाऱ्याला विचारून ठरतं.

आई परत गेल्यावर नाताळाआधी तिचा फोन आला, रिब्स कशा करायच्या? वसईत शेगडी नाही, हिकरी नाही. मी ओव्हनची रीत सांगितली. मसाला लावून फॉइलमध्ये घट्ट गुंडाळ, १३५ सेल्सिअसवर तीन तास, मग उघडून सॉस लाव आणि वरच्या आचेवर पाच-सात मिनिटं. "आणि धूर?" मी म्हटलं, धूर सोडून दे. तिने सोडला नाही. वाटीत निखारा ठेवला, वर तुपाचा थेंब, आणि झाकण लावून धुरी दिली. सगळ्यांना आवडल्या म्हणे.

पडदा काढायचा मात्र राहिला. तो मी सांगायलाच विसरलो होतो.